फुलमतीची डुकरं आणि माझी बरणी

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारे मास्तर आमच्याच चेरीतालच्या गल्लीत राहतात. दसऱ्याच्या आधी ते घरी आले आणि म्हणाले, "देवराव, या वर्षी तुमच्या नोकरीवर लिहा."

मी म्हटलं, "मास्तर, लोक फराळाचं ताट मांडीवर घेऊन अंक वाचतात. आणि मी चाळीस वर्षं मेलेली जनावरं फाडली."

"मग आधी फराळ करतील, नंतर वाचतील," मास्तर म्हणाले. आता ही जबाबदारी त्यांची. चकली हातात असेल त्यांनी ती आधी संपवावी.

मी आठवीत दोनदा नापास झालो आणि शाळा सुटली. गाव आर्वीजवळ. जबलपूरला मामा फॅक्टरीत होते, त्यांनी बोलावून घेतलं. फॅक्टरीत काही लागलो नाही, पण जनावरांच्या एका सरकारी तपासणी केंद्रात झाडूपोछ्याला रोजंदारीवर माणूस पाहिजे होता. केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, मधोमध दगडी ओटा, ओट्याला पाणी वाहून जायला पन्हळ. पहिल्या दिवशी ओट्यावर म्हैस होती. मी दारातच बसलो. तिथल्या म्हाताऱ्या अटेंडंटनं मला लिंबाचा पाला हातात चोळून हुंगायला दिला आणि म्हणाला, "काय बड्डे, भाग रहे हो? भागने वाले को दूसरी भैंस भेज देते हैं घर पे." बड्डे म्हणजे इकडचं दादा-भाऊ. मी पळालो नाही. परतीच्या गाडीभाड्याचीच पंचाईत होती म्हणा किंवा दुसरं काही म्हणा, पण नाही पळालो. नंतर त्याच ओट्यानं मला पक्की नोकरी, बायको, दोन खोल्यांचं घर आणि मुलींची शिक्षणं दिली. त्या दगडाला मी अजून मनातल्या मनात हात जोडतो.

आईला मात्र खरं सांगितलं नव्हतं. ऑफिसात आहे म्हणून सांगायचो. दिवाळीत गावी गेलो की ती माझा हात धरून विचारायची, "काहून रे, तुह्या हाताले असा वास येते?" मी म्हणायचो, ऑफिसातली शाई तशीच असते. वास फॉर्मलिनचा. साबणानं जात नाही, चिंचेनं थोडा जातो, आणि निवृत्त झाल्यावर एके दिवशी आपोआप जातो. तो गेला तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

कामाचं थोडं सांगतो. जनावर मेलं की मालकाला दोन गोष्टी पाहिजे असतात. कशानं मेलं, आणि उरलेली वाचतील का. त्यासाठी डॉक्टर पोट उघडून बघतात. अटेंडंट चिरतो, धरतो, धुतो आणि आतल्या अवयवांचे तुकडे जपून ठेवतो. तुकडे ठेवण्याच्या रीती दोन. एक, फॉर्मलिनच्या बरणीत. त्यात मांस कडक होतं, वर्षानुवर्षं टिकतं, त्याचे पातळ काप काढून दुर्बिणीखाली बघता येतात. मी त्याला लोणचं म्हणायचो. दुसरी रीत म्हणजे तुकडा कच्चाच पिशवीत बांधून बर्फाच्या थर्मासमध्ये. कोणता रोगजंतू होता हे शोधायचं तर कच्चाच लागतो. लोणच्यातल्या तुकड्यातून रोगानं काय नासधूस केली ते कळतं, पण जंतू शोधायला तो जवळजवळ वाया गेलेला. लोणच्याच्या फोडीतली कोय पेरली तर झाड येईल का, तसं.

बरणीत चिठ्ठी टाकायची ती शिसपेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई फॉर्मलिनमध्ये पसरते. आणि कागद जाड पाहिजे. त्यासाठी मी गल्लीतल्या लग्नपत्रिका जमवायचो. पुढे "चि. सौ. कां." आणि मागे "म्हैस, यकृत, मझौली". गल्लीत कोणाची पत्रिका माझ्याकडे यायची राहिली तर बायको म्हणायची, त्यांना कळलं वाटतं तुमचं.

गिऱ्हाइकंही एकेक. एक निवृत्त हेडमास्तर मेलेला पोपट मिठाईच्या डब्यात घेऊन आले. शेजाऱ्यानं विष घातलं, लिहून द्या, म्हणाले. पोपटाच्या यकृतावर बोटभर चरबी. आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय खायचा? ते अभिमानानं म्हणाले, रोज माझ्या ताटातला तुपाचा शिरा. मॅडमनी ती चरबी त्यांना बोटानं दाखवली. हेडमास्तरांनी डबा बंद केला, आणि जाताना शेजाऱ्याला उद्देशून जे काही मनात होतं ते सगळं गिळून गेले. असे बरेच गेले. पण मला सांगायचं आहे ते मझौली गावाकडच्या फुलमतीबाईचं, कारण त्यात माझी चूक आहे, आणि चूक मी अजून कुठे लिहून दिलेली नाही.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांचे पूर्वज मराठा फौजेबरोबर इकडे आलेले, त्यामुळे त्यांचं मराठी घरातलं, आणि घराच्या बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. "देवरावजी, मी निघून राहिली, चाकू धुवून ठेवा हां, चलो," असं एका दमात. मला त्या जी लावायच्या. आठवी नापास माणसाला. त्यांनीच मला अवयवांची इंग्रजी नावं लिहायला शिकवली, अक्षराला अक्षर जोडून, जेवणाच्या सुट्टीत.

माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असतील. डुकरांचा आफ्रिकन ताप तेव्हा आमच्या भागात येऊन गेला होता. माणसाला होत नाही, पण डुकरांना त्याच्यावर औषध नाही. एका कळपात निघाला की तो सगळा कळप मारून पुरावा लागतो, आजूबाजूची डुकरंसुद्धा. म्हणून डुकराच्या अंगावर लाल डाग दिसला की लोक आम्हाला फोन लावायचे. अशात मझौलीच्या पुढच्या एका वस्तीतून निरोप आला, डुक्कर मेलंय, अंगावर जांभळे डाग, आणखी तीन आजारी.

संशयाचं जनावर हलवायचं नसतं, म्हणून आम्हीच गेलो. मॅडम, मी आणि गाडीवर ड्रायव्हर मुन्ना. मे महिना. फुलमतीबाई एकटी बाई, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन कटनीला. घरामागे मातीच्या भिंतींचा वाडगा आणि त्यात अकरा डुकरं होती, त्यातलं एक आता मेलेलं. ती डुकरंच तिचं सगळं. ती दाराशी उभी राहून आमच्या प्लास्टिकच्या पोशाखाकडे बघत होती.

"काए भैया, बीमार हम हैं कि सूअर?" तिनं विचारलं.

मुन्ना म्हणाला, "अम्मा, ये भैया तो घर में भी ऐसेई घूमते हैं. डरते बहुत हैं."

ते खोटं नव्हतं. मी कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस.

मेलेलं डुक्कर चार महिन्यांचं. मागच्या मांड्यांवर, पोटाखाली, कानांवर गोल गोल जांभळट डाग, काहींवर काळी खपली धरलेली. आफ्रिकन तापात प्लीहा फुगून काळी होते, ती मॅडमनी आधी बघितली. फार फुगलेली नव्हती. मग किडनी. मी बाहेर काढली आणि हातात जडच लागली. नेहमीपेक्षा दुप्पट, फिकी, आणि तिच्यावर कोणी लाल मोहरी उडवल्यासारखे बारीक ठिपके.

मॅडम कितीतरी वेळ ती हातात फिरवत राहिल्या. "देवरावजी, हे ते नाही वाटून राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "कातडी आणि किडनी, दोन्ही एकदम जातात असा एक वेगळा आजार आहे. पण डोळ्यांनी सांगता येत नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेला कच्चं पाठवू, बर्फातलं. तुम्ही दोन्ही ठेवा."

मी दोन्ही ठेवले. प्लीहा, किडनी, गाठी, थोडे बरणीत, थोडे थर्मासमध्ये. डुक्कर चुन्याच्या खड्ड्यात पुरलं. मॅडम वस्तीतल्या लोकांशी बोलत होत्या, कारण लोक जमले होते आणि एकजण म्हणत होता की सगळीच आत्ता मारा, आमच्या बकऱ्यांना लागेल. बकऱ्यांना लागत नाही हे त्याला तीनदा सांगून झालं होतं. तेवढ्यात मी थर्मास उघडून बघितला. बर्फाचं पाणी झालेलं. पिशव्या कोमट. बरणीकडे बघितलं, तिथे तुकडे कसे शांत, सुरक्षित. मला वाटलं, हे नासणार. जबलपूरपर्यंत पोचणार नाहीत. नासलेल्या तुकड्याला माझ्या नोकरीत कधी माफी नव्हती. मी पिशव्या फोडल्या आणि कच्चे तुकडेही बरणीत टाकले. झाकण लावलं, चिठ्ठी टाकली आणि मला हायसं वाटलं. हे मुद्दाम लिहितो. चूक करताना माणसाला हायसं वाटलं होतं.

सकाळी मॅडमनी थर्मास मागितला. मी बरणी पुढे केली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सगळे?"

"सगळे."

"कोमटच आणायचे होते, देवरावजी. कोमट चालले असते."

खड्ड्यातलं डुक्कर आता चुन्यात. एकच मार्ग होता, आजारी तिघांचं रक्त घ्यायचं. फोन लावला तर वस्तीतल्या कोणीतरी सांगितलं, फुलमतीच्या वाडग्यात एकही डुक्कर नाही. कालपासून आफ्रिका आली, आफ्रिका आली अशी बोंब होती. तिनं रातोरात, की पहाटे, सगळी कुठेतरी हलवली होती.

आता बघा, आम्हाला काय भीती होती. खरोखर ताप असेल आणि तिनं ती डुकरं दुसऱ्या गावी नेली असतील, तर गावंच्या गावं रिकामी होतील. आणि ताप नसेल तर वस्तीचे लोक नुसत्या संशयावर तिची डुकरं काठ्यांनी मारतील. दोन्हीतून सुटायला एक कागद पाहिजे होता, आणि तो माझ्या बरणीत बुडाला होता.

गाडीत मी मनाशी एक वाक्य जुळवत होतो. तिला सांगायचं, "बाई, नियमच आहे, दोन वेळा नमुना घ्यावा लागतो." सोपं वाक्य. मी ते दोनदा पुटपुटलोही. मुन्ना म्हणाला, "बड्डे, मंतर पढ़ रहे हो क्या?"

फुलमतीबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"फिर आ गए? कल पेट नईं भरो?"

मॅडमनी समजावलं, रक्त पाहिजे, सुई टोचून, जनावर मरत नाही. ती सुपातले खडे काढत राहिली. "सूअर तो हैं नईं. बिक गए." कोणाला विकले? "याद नईं." मॅडमनी कायद्याचं सांगितलं. तिनं आणखी एक खडा फेकला. वस्तीतले चारजण लांब उभे राहून ऐकत होते. मॅडम उठून त्यांच्याकडे गेल्या आणि ओट्याजवळ मी एकटा उरलो.

मी ते वाक्य बोलायला तोंड उघडलं. पण तिनं विचारलं, "कल तो डिब्बा भर के ले गए थे. उसका क्या हुआ?"

मी म्हटलं, "वो मैंने ख़राब कर दिया."

ती पहिल्यांदा मान वर करून बघू लागली. मग मी सगळं सांगितलं. बर्फ, कोमट पिशव्या, बरणी. मराठी-हिंदीची पार भेळ झाली असेल. म्हटलं, डॉक्टरनी बरोबर सांगितलं होतं, गलती माझी, मी घाबरलो.

"तुम काए के लाने डर गए? सूअर तो हमारे हैं."

मी कशासाठी घाबरावं, असं ती विचारत होती. मग तिनं सुपातल्या तांदळातून हात फिरवला.

"बुखार निकलो तो?"

"तो सब जाएँगे, बाई. जो छिपाए हैं वो भी."

"और नईं निकलो तो?"

"तो कोई हाथ नहीं लगाएगा. काग़ज़ मिलेगा."

तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि एक जुना पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "चलो," आणि वस्तीच्या मागच्या नाल्याकडे चालू लागली. घाणेरीच्या झुडपांपाशी उभी राहून तिनं डबा काठीनं बडवला. झुडपांतून एकेक डुक्कर बाहेर आलं. मी मोजलं, दहा. तीन आजारी सगळ्यांच्या मागून, मागचे पाय ताठ टाकत.

डुक्कर धरणं म्हणजे काय हे ज्यानं धरलंय त्यालाच माहीत. वरच्या जबड्यात दोरीचा फास घालून ओढलं की ते मागे रेटतं आणि स्थिर होतं, पण किंचाळतं असं की कानाला दडे बसतात. मी धरलं, मॅडमनी मानेतून रक्त काढलं. फुलमतीबाई प्रत्येकाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती. काय ते त्या किंकाळ्यांत मला ऐकू आलं नाही. या वेळी थर्मास मी मांडीवर घेतला आणि वाटेत सिहोऱ्याला बर्फ बदलला. मुन्ना म्हणाला, "बच्चा सो गया क्या?"

उत्तर यायला पाच दिवस लागले. त्या दिवसांत मी बायकोशी धड बोललो नसेन. मॅडमनी फोन ठेवला आणि नुसती मान हलवली. आफ्रिकन ताप नाही. साधा डुकरांचा ताप, तोही नाही. मी खोलीत जाऊन कोरडाच ओटा धुतला.

मग हे होतं काय? माझ्या बरणीतल्या किडनीचे काप दुर्बिणीखाली बघून मॅडमनी ते नक्की केलं. कातडी-किडनीचाच आजार. ती बरणी निदान तेवढ्याला उपयोगी पडली. मी विचारलं, हा होतो कशानं? त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागे चित्र काढून समजावलं. अंगात कुठला तरी जंतू शिरतो, शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईत जो गाळ तयार होतो तो बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो. कातडीत बसला की डाग, किडनीत बसला की गाळणीच बंद. म्हणजे चोरानं कमी आणि चौकीदारानं जास्त मोडतोड केली.

"चोर कोण?"

"संशयित तीन-चार आहेत," त्या म्हणाल्या. डुकरांचा सर्कोव्हायरस म्हणून एक अगदी छोटा विषाणू, त्याच्या दोन जाती, एक जुना भाऊ, एक नवा भाऊ. दुसरा विषाणू, जो डुकरिणींना गाभडवतो आणि पिल्लांना श्वास घेऊ देत नाही तो. आणि एक जिवाणू, जो इथे सगळ्या डुकरांच्या नाकात तसाही असतो. आम्ही पाठवलेल्या रक्तात सर्कोव्हायरसमधला जुना भाऊ सापडला.

"मग तोच."

"नाही ना, देवरावजी. तो धडधाकट डुकरातही सापडतो. घरात दिसला म्हणजे त्यानंच चोरी केली असं नाही. कच्ची किडनी असती तर बाकीच्यांनाही त्याच जागी शोधलं असतं."

त्यांनी ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. पण अहवालात त्यांनी कारणापुढे "संभाव्य" असा शब्द लिहिला, आणि तो शब्द माझ्या वाट्याचा आहे हे मला माहीत आहे. पुढे तसा कळप आमच्याकडे पुन्हा आला नाही. त्या किडनीत नेमका कोण बसला होता हे आता कोणाला कळणार नाही. एवढी एक रुखरुख घेऊन मी निवृत्त झालो.

तीन आजाऱ्यांतली दोन गेली, आणि आम्हाला कळेपर्यंत पुरूनही झाली. एक जगलं. कागद घेऊन मी स्वतः गेलो, सुट्टी टाकून, बसनं. फोटो पाठवला असता तरी चाललं असतं. वस्तीतल्या चौघांना तो मोठ्यानं वाचून दाखवला. बकरीवाला म्हणाला, "हम तो पहलेई कह रहे थे."

फुलमतीबाईनं मला बसवलं, काळा चहा दिला. वाडग्यात जगलेलं डुक्कर होतं, मांडीवर पांढरे वण राहिलेलं, बाकीच्यांना ढकलून पुढे घुसत. मग ती सहज म्हणाली की त्या दिवशी दुपारी पिकअप येणार होती. कटनीच्या जावयानं ठरवली होती. सगळी डुकरं तिकडे जाणार होती, तिकडे त्याचीही पंधरा होती. आम्ही पोचलो तेव्हा ती तांदूळ निवडत पिकअपचीच वाट बघत बसली होती.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी विचारलं, "फिर काहे नहीं भेजे?"

"तुमने कहा न, गलती हो गई," ती म्हणाली. "हमने सोची, सरकारी आदमी तो कभी गलती करत नईं. तो ये सरकारी नईं है. इसको दे सकत हैं."

मला तेव्हा त्या सरकारी केंद्रात अडतीस वर्षं झाली होती, त्यातली एकतीस पक्की. पण चहा संपवला आणि तिला तसं काही सांगितलं नाही.